शिक्षकावरचा निकालाचा ताण: नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली नऊ वर्षं सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर काढली, नंतर दिंडोरी तालुक्यात आले. महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांच्या बैठकीत, पत्रिकेवरचे विषय संपून चहा आला की खरे प्रश्न निघतात. कुणी वहीत रेघोट्या मारत खाली बघून विचारतं, कुणी गाडीला किक मारता मारता. खालचे प्रश्न तिथलेच आहेत. काही नाशिक शहरातल्या खासगी शाळांतल्या मैत्रिणींचे आहेत. उत्तरं आमच्या अनुभवातून आली आहेत, आणि जिथे नियमाचा संबंध येतो तिथे नियम काय म्हणतो तेही लिहिलं आहे.

एवढा ताण फक्त मलाच येतो का? बाकीचे तर निवांत दिसतात.

बाकीचेही तुमच्याकडे बघून हेच म्हणतात. आपल्याकडे ‘कसं चाललंय?’ याला ‘मस्त’ हेच उत्तर ठरलेलं आहे. एकदा परिषदेत आमच्याच केंद्रातल्या एका गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, की रविवारी संध्याकाळ झाली की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांची सत्तावीस वर्षं नोकरी झालेली. क्षणभर शांतता झाली आणि मग एकेक जण बोलू लागला. त्या दिवशी आमची निम्मी परिषद त्यातच गेली आणि मला ती सगळ्यात उपयोगाची परिषद वाटते.

वर्गाचा निकाल खाली आला तर तो माझा दोष समजायचा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, हे त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही. मुलाला वाचता आलंच पाहिजे. पण वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी असो, सत्राच्या शेवटची संकलित असो वा ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालेलं परख हे केंद्र सरकारचं सर्वेक्षण असो, त्यातला आकडा मूल आज कुठे आहे एवढंच सांगतो. ते कुठून निघालं, वाटेत किती दिवस गैरहजर होतं, घरात कोणती बोली बोलतं, हे त्या आकड्यात येत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर हे फार खरं आहे. सुरगाणा, पेठ भागातल्या मुलाच्या घरात कोकणा बोली, बागलाण-मालेगावकडे अहिराणी, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या आसपासच्या शाळांत हिंदी बोलणारी मुलं. दिवाळीच्या आगेमागे द्राक्षाची छाटणी सुरू झाली की वरच्या डोंगरातली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात आणि खुडा संपेपर्यंत बरीचशी तिकडेच राहतात. पाड्यावरच्या शाळेचा पट कागदावर भरलेला असतो, वर्गात मात्र मागच्या दोन रांगा रिकाम्या. इकडे खालच्या शाळांत त्याच वेळी नवीन मुलं येऊन बसतात. दोन्हीकडच्या शिक्षकांना चाचणी एकच.

यावर मला जो एक उपाय सापडला तो म्हणजे सुरुवातीची वही. साधी दोनशे पानी. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एक पान द्यायचं. पहिल्या आठवड्यात त्याला जे येतं ते तारखेसह लिहायचं: ‘क, म, र ओळखते. स्वतःचं नाव बघून लिहिते. वीसपर्यंत मोजते, अठरा गाळते.’ मग पंधरा दिवसांनी एक ओळ. फार नाही, एकच. एका मुलीच्या पानावर ऑक्टोबरात ‘जोडाक्षर नसलेले शब्द सलग वाचते’ अशी ओळ होती आणि त्याखाली ‘द्राक्षाला गेली’. पुढची ओळ थेट एप्रिलची. शाळेच्या अहवालात ती अप्रगत, म्हणजे मागे राहिलेली, होती. माझ्या वहीत ती पाच महिन्यांत दोन पायऱ्या चढलेली होती.

शाळा तपासायला आलेल्या शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी अप्रगतांची यादी पुढे सरकवली तेव्हा मी वही पुढे सरकवली. त्यांनी पाच-सहा पानं शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘बाई, यात हजेरीचे दिवस पण लिहीत जा.’ तेव्हापासून लिहिते. सगळेच अधिकारी असं वाचतील असं नाही. पण ती वही माझ्यासाठीही आहे. रात्री ‘मी काहीच करत नाही’ असं वाटायला लागलं की ती उघडते.

आता दुसरी बाजू. सगळा दोष परिस्थितीवर ढकलणं हीसुद्धा स्वतःची फसवणूकच. एका वर्षी माझ्या वर्गात रोज येणाऱ्या मुलांनाही भागाकार येत नव्हता. तिथे द्राक्षाचा काही संबंध नव्हता, माझं शिकवणं चुकत होतं. शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारलं तर त्यांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन वाटून दाखवले. मी गठ्ठे सोडवायचीच नाही, थेट फळ्यावर मांडायची. वही असली की हे दोन प्रकार वेगळे दिसतात: जे माझ्या हातात होतं आणि राहिलं, आणि जे माझ्या हातात कधी नव्हतंच. पहिल्याची जबाबदारी घ्यायची. दुसऱ्याची नोंद ठेवायची.

साहेब वर्गावर आले की माझी वाचाच बसते. एरवी छान शिकवते.

याचं कारण अगदी शारीरिक आहे. भीती वाटली की छाती धडधडते, श्वास वरच्या वर होतो, तोंड कोरडं पडतं, आणि पाठ असलेलंही आठवत नाही. अशा वेळी स्वतःला ‘घाबरू नको’ म्हणून काही होत नाही. मुलांना दोन मिनिटांचं काम द्या: ‘पाटीवर आवडत्या प्राण्याचं नाव लिहा.’ तेवढ्यात फळ्याकडे वळा आणि श्वास सोडताना घेण्याच्या दुप्पट वेळ लावा. चार-पाच वेळा. मग मुलांकडे बघून बोला, पाहुण्यांकडे बघून नाही. धडा मुलांसाठी आहे हे डोळ्यांना कळलं की आवाज आपोआप खाली येतो.

खरा इलाज मात्र आधीचा आहे. वर्गात कुणी मोठं माणूस येऊन बसणं हीच जर वर्षातून दोनदा घडणारी गोष्ट असेल तर ती परीक्षा वाटणारच. आम्ही तीन शाळांच्या शिक्षकांनी ठरवलं, की महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात वीस मिनिटं बसायचं. नोंद नाही, गुण नाहीत. बाहेर आल्यावर एक आवडलेली गोष्ट आणि एक प्रश्न. पहिल्या वेळी माझ्या हातातला खडू दोनदा पडला. चौथ्या वेळी मागे कोण बसलंय हे मी विसरले होते.

साहेबांनी विचारल्यावर मूल गप्प झालं तर त्याच्या अंगावर जाऊ नका. ‘सर, याला त्याच्या ओळखीचा उतारा देते, मग ऐका’ असं म्हणायला हरकत नसते. मी म्हटलेलं आहे.

साहेब मुलांसमोरच मला बोलले. आता वर्गात उभं राहायची लाज वाटते.

माझ्याबाबतीतही असं एकदा झालं आहे. पोरं माझ्याकडे टकामका बघत होती आणि मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. त्या वेळी मी उलट बोलले नाही, ते ठीकच केलं. चूक ही केली, की नंतरही बोलले नाही, आणि आठ महिने ते मनात घोळवलं.

आता मी वेगळं करते. त्याच दिवशी काय बोललं गेलं ते तारखेसह लिहून ठेवते. दोन-तीन दिवसांनी, डोकं थंड झाल्यावर, मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन भेटते आणि सांगते: ‘तुम्ही दाखवलेली चूक मान्य आहे, त्यावर हे काम सुरू केलं आहे. पण पुढच्या वेळी मुलांसमोर न सांगता ऑफिसात सांगाल का?’ बहुतेक माणसं हे ऐकतात. शेरा चुकीचा असेल तर खुलासा लेखी द्या, त्याची पोच घ्या. गोपनीय अहवालात प्रतिकूल नोंद झाली तर ती कळवली जायला हवी आणि तिच्यावर म्हणणं मांडता येतं.

रात्री साडेनऊला ग्रुपवर ‘तात्काळ माहिती भरा’ येतं. शिकवायचं कधी?

या तक्रारीत मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. यू-डायस या सरकारी पोर्टलवरची शाळेची माहिती, आधार जुळवणी, फोटो अपलोड, एक ना दोन. आधार जुळलं नाही तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, मूल मोजलं जात नाही आणि मग शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणून हे टाळताही येत नाही. त्यामुळे ‘मेसेज बघूच नका’ असा सल्ला मी देणार नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २७ मात्र प्रत्येकाला पाठ असावं. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढी सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. म्हणजे २०२७ च्या जनगणनेचं काम आलं तर ते कायद्यात बसतं, त्यावर वाद घालून उपयोग नाही. राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षकांच्या कामांचं शैक्षणिक आणि अशैक्षणिक असं वर्गीकरणही केलं. एखादं काम त्यात बसत नाही असं वाटलं तर एकट्याने नकार देऊ नका, केंद्रातल्या सगळ्यांनी मिळून लेखी विचारा. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, तयारीच्या वेळेसह. पाठाची तयारी हे घरचं काम नाही, ते कामाच्या तासांतलंच काम आहे, हे मला बारा वर्षांनी कळलं.

रोजच्या व्यवहारात आम्ही पाळी लावली आहे. चार शिक्षकांपैकी एक जण त्या आठवड्याचं टपाल बघतो, बाकीचे तिघे रात्री आठनंतर फोन बाजूला ठेवतात. खरंच तातडीचं असेल तर पाळीवाला फोन करतो. सात-आठ महिन्यांत असे फोन दोन आले. द्विशिक्षकी शाळेत हे एक आड एक आठवडा करता येतं. एकशिक्षकी शाळेतल्या भावा-बहिणींनी शेजारच्या शाळेशी जोडी लावावी.

वीस वर्षं शिकवल्यावर आता टीईटी द्यायची? झोप उडाली आहे.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. तिच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला. सेवानिवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना टीईटीशिवाय नोकरीत राहता येतं, पदोन्नती मात्र मिळत नाही. यावर पुढे काय आदेश निघतात ते अधिकृत पत्रातून वाचा. ग्रुपवर फिरणाऱ्या कात्रणांनी रक्तदाब वाढण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

अपमान वाटतो, ते मी समजू शकते. ज्या बाईंनी दोन पिढ्यांना बाराखडी दिली त्यांना पात्रतेचा कागद मागणं बोचतंच. तो राग मनात असू द्या आणि अभ्यासाला बसा, दोन्ही एकत्र चालतं. पेपर १५० गुणांचा, १५० प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण, आणि राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. पहिली ते पाचवीच्या पेपरात पाच भाग, प्रत्येकी ३० गुणांचे: बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास. यातलं परिसर आणि मराठी आपण रोज शिकवतो. अडतं ते बहुधा इंग्रजीत आणि गणिताच्या वेगात. म्हणून सगळं पुस्तक पहिल्या पानापासून काढू नका. आधी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, कुठे गुण गेले ते बघा, आणि रोज पाऊण तास फक्त तिथे द्या. आमच्या केंद्रात सहा जण शनिवारी शाळा सुटल्यावर एकत्र बसतात. त्यातल्या एका सरांना गणित त्यांचीच जुनी विद्यार्थिनी शिकवते, आणि ते कौतुकाने सांगतात.

शिष्यवृत्ती परीक्षेला मुलं बसवा, गुणवत्ता यादीत नावं आणा, असा दबाव आहे.

शिष्यवृत्तीच्या तयारीचा मुलांना फायदा होतो, त्यामुळे तयारी घ्याच. पण चार हुशार मुलांपायी उरलेल्या पंचवीस जणांचा तास जात असेल तर मुख्याध्यापकांना ते स्पष्ट सांगा. मी जादा तास शाळा भरण्याआधी अर्धा तास घेते आणि ज्याला यायचं त्याला येऊ देते.

खासगी शाळेत आहे. पालक रात्री मेसेज करतात आणि संस्था प्रवेशाचा आकडा मागते.

गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या मैत्रिणींकडून हे सतत ऐकते. पालकांचं आधी घेऊ. मार्क कमी का, असा मेसेज आला की तिथेच उत्तर लिहीत बसू नका. ‘शनिवारी बाराला भेटू, त्याची वही घेऊन बोलू’ एवढंच लिहा. समोर वही असली की बोलणं मार्कांवरून मुलावर येतं. बहुतेक पालक रागाने येत नाहीत, काळजीने येतात. नाशिकरोडच्या एका मैत्रिणीने प्रत्येक पालकाला सत्राच्या सुरुवातीलाच एक चांगली गोष्ट फोनवर सांगायला सुरुवात केली, म्हणजे पहिला संवाद तक्रारीचा होत नाही. तिचे रात्रीचे मेसेज निम्म्याने कमी झाले.

संस्थेच्या बाबतीत, नेमणुकीचा आदेश आणि त्यातल्या अटी आधी हातात घ्या. मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आहे. कामावरून काढलं किंवा पदावनत केलं तर कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. हे ३० दिवस रडण्यात जाऊ देऊ नका. तोंडी धमक्यांचीही तारीखवार नोंद ठेवा.

माझा ताण मुलांवर निघतो. नंतर वाईट वाटतं.

हे लिहिताना माझा हात अजून अडखळतो. दिंडोरीत आल्यावर दुसऱ्याच वर्षी, साहेबांच्या भेटीच्या दिवशी सकाळी, सातचा पाढा चुकला म्हणून मी एका मुलावर एवढ्या जोरात ओरडले की अख्खा वर्ग गप्प झाला. हात उगारला नाही. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक त्रासालाही मनाई करतं, आणि मी केलं ते त्रासच होतं. पुढचे दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. आई ओट्यावर कांदे निवडत होती. म्हणाली, ‘तो म्हणतो बाईंना माझा राग येतो.’ मी त्याला तिथेच सांगितलं, की राग त्याचा नव्हता, मी घाबरले होते, आणि माझं चुकलं. तो म्हणाला, ‘तुम्ही पण घाबरता?’ दुसऱ्या दिवशी आला.

तेव्हापासून भेटीच्या दिवशी पहिली दहा मिनिटं मी गोष्ट सांगते. काहीही तपासत नाही. ती गोष्ट जितकी त्यांच्यासाठी असते तितकीच माझ्यासाठी.

ओरडून झालंच असेल तर त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, त्या मुलाशी बोला. मोठ्या माणसाने चूक कबूल केली म्हणून त्याचा मान कमी झालेला मी अजून पाहिलेला नाही.

शिक्षण सेवक आहे. तीन वर्षं नीट गेली नाहीत तर?

शिक्षण सेवक म्हणजे पहिली तीन वर्षं पगाराऐवजी मानधनावर नेमलेला शिक्षक. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला मानधन महिना १६,००० रुपये, त्यात खोलीचं भाडं, पेट्रोल, आणि वर सगळ्यांची नजर. तुमचा ताण आमच्यापेक्षा वेगळा आहे हे आधी मान्य करते. पहिल्या वर्षी सगळं उत्तम करायला जाऊ नका. टाचण (पाठाच्या तयारीची नोंद) आणि हजेरी वेळेवर ठेवा, एक विषय खरोखर चांगला शिकवा, आणि न कळलेलं लगेच विचारा. जुन्या शिक्षकांना विचारलेलं आवडतं.

डॉक्टरकडे कधी जावं? लोक काय म्हणतील?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, पहाटे दचकून जाग येत असेल, जेवण जात नसेल, शाळेच्या फाटकाशी येताच छातीत धडधडून घाम फुटत असेल, एरवी आवडणारं काहीच नकोसं वाटत असेल, तर जा. साखर वाढली की जातो, तसंच. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. घरातूनच बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगण्याचा आग्रह नसतो.

जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका. आत्ता जवळच्या कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका, आणि हाच क्रमांक लावा.

रजेचं विचारतात बरेच जण. अर्धवेतनी रजा दर वर्षाला वीस दिवस जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तीच निम्म्या दिवसांची पूर्ण पगारी, म्हणजे परिवर्तित रजा करून घेता येते. आजारपणासाठीच ती आहे. मनाचा आजार हा आजारच आहे.

नोकरीच सोडून द्यावी असं वाटतं.

मार्च-एप्रिलमध्ये असा निर्णय घेऊ नका, एवढंच सांगेन. पेपर, निकालपत्रकं, ऊन, सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा. सुट्टीतले पंधरा दिवस शाळेचं काहीही न बघता काढा आणि मग बघा. तरीही तेच वाटत असेल तर ते ऐकण्यासारखं आहे. आधी शाळा बदलून, इयत्ता बदलून बघता येईल का ते बघा. माझी एक मैत्रीण सातवीवरून पहिलीवर आली आणि तिचं सगळंच पालटलं.

बदली झाली तर ती सुरुवातीची वही कुणाला द्यायची?

मागून येणाऱ्या शिक्षकाला. सुरगाण्याहून निघताना मी माझी वही नवीन सरांच्या हातात दिली, तेव्हा ते जरा गोंधळलेच. आठवड्याने त्यांचा फोन आला. रेंज नव्हती म्हणून टेकडीवर चढून लावलेला. ‘मॅडम, पान क्रमांक चौदावरची मुलगी अठरा अजून गाळते का बघितलं मी. आता नाही गाळत.’